भगरीचा पुडा आणि दुकानदाराचा शब्द

शेगावची पालखी पंढरीच्या वाटेवर पातूरला येते, तेव्हा वारकरी अनोळखी हातचे विश्वासाने खातो. मग पुड्यावरच्या बारीक अक्षरांपायी गरीब दुकानदारास दंड करणे हे निर्दयपण नव्हे काय, असे पुष्कळ जण विचारतात.

वाचकहो, एकादशीची भगरच घ्या. तिला ओल लागली की बुरशी धरते, अन्‌ ती बुरशी विष करते. ता. 20 फेब्रुवारी 2024 रोजी शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, सोमठाणा गावी, हरिनाम सप्ताहात भगर-आमटीचा प्रसाद घेऊन शेकडो माणसे आजारी पडली. दोरीला बाटल्या टांगून सलाइन द्यावे लागले. अशा वेळी पहिला प्रश्न हाच, की माल कोणाचा आणि केव्हाचा? सुटा माल मुका असतो. पुड्यावर नाव, पत्ता, तारीख, परवाना-नंबर असला, तर उरलेला माल तरी अडवता येतो.

म्हणजे लेबल हा दुकानदाराचा शब्द होय. तुकोबाराय वाणीच होते; दुकान आणि धर्म यांचे वैर नाही. अजाणता चुकेल त्यास 2006 च्या कायद्यात सुधारणा-नोटिशीची सोय आहे. पण जाणूनबुजून तारीख खोडणाऱ्यास सोडले, तर खरे लिहिणाराच बुडतो. चुकीच्या लेबलास 3 लाखांपर्यंत दंड आहे, तो आम्हांस रास्त वाटतो. दया आधी खाणाऱ्यावर हवी.

सप्ताहाच्या पंचांनीही पुडा वाचूनच घ्यावा, आणि रिकामा पुडा दुसऱ्या दिवसापर्यंत जपून ठेवावा.