दाराचं पॅड

प्राचीन ग्रीकांना फुरसत फार. थीसिअस नावाच्या वीराचं जहाज अथेन्सच्या लोकांनी जपून ठेवलं होतं. फळी कुजली की काढायची, नवी ठोकायची. मग हे जहाज तेच की दुसरं, यावर पंडितांत जुंपली, असं प्लुटार्क लिहून गेला. पुढे सतराव्या शतकात हॉब्जने त्यात आणखी एक पाचर मारली. काढलेल्या जुन्या फळ्या जमवून कुणी दुसरं जहाज बांधलं, तर खरं कुठलं?

यांच्यापैकी एकाकडेही प्रीमियर पद्मिनी नव्हती. निदान डहाणूच्या खाऱ्या वाऱ्यात उभी असलेली तरी नव्हती. असती, तर वाद फळ्यांवर न थांबता रेग्झीनपर्यंत गेला असता.

आमची पद्मिनी १९८६ सालची, अण्णांनी घेतलेली. तिचं इंजिन खोललं, कार्बोरेटर बदलला, पत्र्याला ठिगळं लावली. घरात कुणालाही गहिवर आला नाही. गाडीचा आत्मा इंजिनात असतो ही लोकांची समजूत आहे. तो असतो दाराच्या आतल्या पॅडात. हार्डबोर्डचा एक तुकडा, वर बोटभर फोम, त्यावर रेग्झीन, एवढाच हा आत्मा. काचेच्या फटीतून पावसाचं पाणी दारात उतरतं, खालच्या भोकांतून निघून जावं अशी अपेक्षा असते. भोकं बुजली आणि आतला प्लास्टिकचा कागद फाटला, की हार्डबोर्ड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा फुगतो. मग क्लिपा गंजतात, आणि त्यांच्या जागी कुणीतरी हाताला येतील ते स्क्रू मारतं. आमच्या मागच्या पॅडांवर तर चिकूच्या चिकाचे डागही आहेत. डहाणूत मोटारीचा उपयोग माणसं नेण्यासाठी करतात तो चिकूचा हंगाम नसताना.

तलासरीला हायवेवर ट्रकची कुशनं करणारा एक कारागीर आहे. त्याने चारी दारं उघडून पाहिली आणि म्हणाला, "शेठ, एकदम ओरिजिनल करून देतो!"

इथे अडलं. ओरिजिनल म्हणजे कधीचं? कुर्ल्याच्या कारखान्यातून गाडी निघाली तेव्हा तिच्यात अण्णांचं कोपर नव्हतं. ड्रायव्हरच्या दाराला हात टेकायची जी गादी आहे, तिच्यावर त्यांच्या उजव्या कोपराचा खळगा पडलाय. रेग्झीन तिथे पार विरलंय. अण्णा जाऊन नऊ वर्षं झाली. कारखान्याने सगळ्यांना सारखीच गादी दिली होती. हा खळगा तेवढा फक्त आमचा. नवी गादी बसवली तर गाडी ओरिजिनल होईल, पण कुणाची होईल?

तसं पाहिलं तर आमच्याच मुलखात या प्रश्नाचा निकाल फार पूर्वी लागलाय. वारल्यांच्या घरी लग्न निघालं की सवाष्णी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. लग्न झालं की चौकाचं काम झालं. भिंत पुन्हा सारवतात, पुढच्या लग्नाला नवा चौक. जुना गेला म्हणून कुणी डोळे पुसत नाही. पण याच तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ती चित्रं कागदावर आणली, ती जगभर भिंतींवर टांगली गेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे पुसून टाकणारी भिंतही आमचीच आणि जपून ठेवणारा कागदही आमचाच. मला दोन्ही पटतं, आणि कुशनवाल्याला रविवारपर्यंत उत्तर हवं होतं.

मी हे सगळं आईला ऐकवलं, थीसिअससकट. ती तांदूळ निवडत होती.

"त्यांचं कोपर तिथे का असायचं, ठाऊक आहे?" ती म्हणाली. "खांदा दुखायचा. डॉक्टरकडे चला म्हटलं की गाडी सर्व्हिसिंगला न्यायचे. तुला खळगा दिसतो, मला तो खांदा दिसतो. आणि माझ्या बाजूचा तो स्क्रू आधी काढ. दर वेळी पदर अडकतो त्यात. तीन साड्या गेल्या."

प्लुटार्कच्या वादात हा मुद्दा कुणीच काढलेला नाही. झीज म्हणजे माया, असं आपण धरून चालतो. देवळाच्या झिजलेल्या पायरीला हात लावून कपाळाला लावतो. पण ती पायरी भक्तीने झिजली की रांगेत ताटकळलेल्यांच्या पाय घासण्याने, हे पायरी सांगत नाही. मी ज्याचं स्मारक करायला निघालो होतो, ते तिच्या लेखी एक न केलेलं औषधपाणी होतं. आणि स्मारकाची वर्गणी तिच्या साड्यांतून वसूल होत होती.

रविवारी आई स्वतः तलासरीला आली. पॅडं चारी नवी करायची ठरली. कारागिराने जुनं पॅड नव्या हार्डबोर्डवर उपडं ठेवलं, भोवती पेन्सिल फिरवली. फुगलेली कड डोळ्याच्या अंदाजाने आत घेतली. जुन्याशिवाय नव्याला माप नाही, हे त्याने हॉब्ज न वाचता ओळखलं होतं.

मग त्याने ती गादी हातात घेतली, अंगठ्याने दाबली. "फोम बदलतो ना? पार बसलाय."

मी आईकडे पाहिलं.

"तो असू दे," ती म्हणाली. "वरचं रेग्झीन तेवढं नवं घाल."

"खड्डा राहील, आई."

"राहू दे."

"मग फोमचे पैसे धरत नाही," तो म्हणाला. "पण नंतर येऊन बोलायचं नाही हां, की गादी नीट केली नाही म्हणून."