किनारा किती बारीक घ्यायचा?

‘आर’ या संगणकभाषेत जगाचा किनारा मागवणं आता फार सोपं झालंय. ‘आरनॅचरलअर्थ’ पॅकेज बसवायचं, किनाऱ्याचं फंक्शन चालवायचं, की सगळे खंड पडद्यावर हजर. प्रमाण सांगितलं नाही तर ते फंक्शन आपल्या मनाने ११० धरतं, म्हणजे एकास अकरा कोटी. कागदावरचा १ मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षातले ११० किलोमीटर. या हिशेबाने डहाणूपासून रेडीपर्यंतची किनारपट्टी चार-पाच मिलिमीटरांत आटोपते. दाभोळची, जयगडची खाडी त्यात कुठून दिसणार? मालदीव हा अख्खा देशच त्यात नाही.

पोस्टकार्डाएवढ्या जगाच्या नकाशाला ही ढोबळ रेषा शोभते. मला काळजी वाटते ती हीच रेषा हिशेबाला वापरली जाते तेव्हा. समजा, समुद्राच्या पाण्याचे नमुने जिथे घेतले त्या जागांचे अक्षांश-रेखांश हाताशी आहेत. त्यातले जमिनीवर पडणारे बिंदू चुकीचे समजून गाळायचे, हे काम दोन ओळींत होतं. किनारा ढोबळ असला की खाडीच्या आतले बिंदू जमिनीवर पडतात आणि निमूट गाळले जातात. तिवरांमधलं, कालवांच्या खडपांजवळचं, गावाचं सांडपाणी मिसळतं तिथलं पाणी, म्हणजे ज्याची चौकशी आधी व्हायला हवी तेच अभ्यासातून जातं. प्रोग्राम अडत नाही, सूचनाही देत नाही. आलेख सुबकच येतो.

मोजपट्टी लहान केली की किनारा लांबतो, हे गणितज्ञ रिचर्डसन यांनी दाखवलं होतं आणि १९६७ साली गणितज्ञ मँडेलब्रॉट यांनी ब्रिटनच्या किनाऱ्याचं उदाहरण घेऊन ते सर्वांपुढे आणलं. आपल्याकडे त्याचा ताजा पुरावा आहे. भारताचा किनारा ७,५१६.६ किलोमीटर असं आपण शाळेत घोकलं. एकास अडीच लाख प्रमाणावर नव्याने मोजल्यावर तो ११,०९८.८१ भरला. महाराष्ट्राचा ६५२.६ वरून ८७७.९७ वर गेला.

वेसल आणि स्मिथ यांनी १९९६ साली मांडलेल्या जागतिक किनाऱ्याच्या संचात तर बारीक ते ढोबळ अशा पाच पायऱ्याच आहेत. रेषा ढोबळ करताना कोणता बिंदू टाकायचा हे तो रेषेपासून किती लांब आहे यावरून ठरतं. त्या बिंदूवर मासळीचं बंदर आहे की ओसाड कडा, याच्याशी त्या नियमाला कर्तव्य नसतं. ते कर्तव्य नकाशा काढणाऱ्याचं आहे, असं मी मानतो. निदान किनारा कुठून घेतला आणि कोणत्या प्रमाणाचा, एवढं तरी नकाशाखाली छापलंच पाहिजे.

‘आरनॅचरलअर्थ’ ज्या संचातून किनारा आणतं, त्या ‘नॅचरल अर्थ’चा सर्वांत बारीक किनारा एकास एक कोटीचा, कोकणातल्या खाड्यांना तोही अपुरा. तिथे लोकांनी मिळून भरलेल्या ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या नकाशाचा घ्यावा. पण खाडी कुठे संपते आणि नदी कुठे सुरू होते हे त्यातही कुणी नकाशा भरणाऱ्यानेच ठरवलेलं असतं. म्हणून खाडीतला प्रत्येक बिंदू गाळण्यापूर्वी उपग्रहचित्रावर ठेवून पाहावा.