स्नान झाले, शुद्धी झाली काय?

अंगाचा मळ पाण्याने जातो, हे लहान पोरालाही कळते. मनाचा मळ कशाने जातो, या प्रश्नाशी मात्र थोरथोर अडतात. आपल्या जालना जिल्ह्याच्या दक्षिण अंगाने गोदामाई वाहते. शहागडकडे पर्वणीला बुडी मारून आपण वर येतो नि म्हणतो, "झालो बुवा मोकळे!" पण कशातून मोकळे झालो, हे कोण पाहतो?

यहुदी धर्मानेही या प्रश्नाचा खोल विचार केला आहे. यहुदी म्हणजे कोणी परके नव्हेत. कोकणातले बेने इस्रायल त्यांच्यापैकीच. पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे हे लोक तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारी तो बंद ठेवीत, म्हणून त्यांना 'शनिवार तेली' नाव पडले. आपल्या धर्मकथांवर त्यांनी मराठीतून कीर्तनेही केली.

यहुद्यांच्या शुद्धिस्नानाच्या कुंडाला मिकवे म्हणतात. त्याला मुळात पावसाचे किंवा झऱ्याचे, आपसूक साठलेले पाणी लागते. आजही अनेक विवाहित स्त्रिया मासिक पाळीनंतर, तसेच धर्मात नव्याने येणारे लोक त्यात बुडी घेतात. उतरण्याआधी अंग स्वच्छ धुवावे लागते, बोटातली अंगठीसुद्धा काढावी लागते. कारण पाणी आणि कातडी यांच्यामध्ये काहीही राहता कामा नये. म्हणजे ही बुडी मळ काढण्यासाठी नव्हेच! ती देवापुढे उभे राहण्याची तयारी.

प्रायश्चित्ताचा त्यांचा मोठा दिवस योम किप्पूर. बेने इस्रायल त्याला 'दारफाळणीचा सण' म्हणत. दारे लावून उपवास करीत. या दिवसाविषयी त्यांच्या शास्त्रकारांचा निवाडा रोखठोक आहे. देवाचा अपराध या दिवशी क्षमा होतो, पण माणसाचा अपराध त्या माणसाची समजूत घातल्यावाचून सुटत नाही. तो ऐकेना तर पुन्हा जावे, तीनदा जावे. तो वारला असेल तर दहा जणांना घेऊन त्याच्या कबरीपाशी आपली चूक बोलून दाखवावी.

कोणी म्हणेल, "नामाने सारे पाप जळते, मग ही उठाठेव कशाला?" नामाचा महिमा कोण नाकारील? पण शेजाऱ्याचा बांध कोरून घेतलेली जमीन नुसत्या जपाने परत जात नाही. ती आपल्याच हाताने सोडावी लागते. देव आपले देणे माफ करील. शेजाऱ्याचे देणे त्याने परस्पर कसे माफ करावे?

दिंडीत आपण अनोळखी माणसाच्या पाया पडतो, त्याला 'माऊली' म्हणतो. फार थोर रीत! पण त्या पायांशी आपले भांडण नसते, म्हणून ते सोपे जाते. ज्या सख्ख्या भावाशी दहा वर्षे अबोला आहे, त्याचे पाय मात्र आपल्याला सापडत नाहीत. चंद्रभागेचे पाणी आणि आपण यांच्यामध्ये काही राहत असेल, तर ते हेच.

म्हणून आम्ही म्हणतो, वारकरी बंधुभगिनींनो, औंदा पंढरीची पिशवी भरण्याआधी त्या एका दारी जाऊन या. दार उघडले नाही, तर पुन्हा जा. स्नान मग करू.