चेहऱ्याची साक्ष

रविवारची मिस्सा संपली की देवळाच्या आवारात माणसे थोडा वेळ रेंगाळतात. त्या दहा-पंधरा मिनिटांत जी विचारपूस होते, तिची सुरुवात बहुधा चेहऱ्यापासूनच होते. "तोंड किती उतरलंय गं तुझं!" "डोळे खोल गेलेत, झोप लागत नाही का?" "आता कसं जरा तेज आलंय!" आपल्या भाषेत चेहरा उतरतो, पडतो, खुलतो, काळवंडतो. माणूस पांढराफटक पडतो, रागाने लालबुंद होतो. कुणी न शिकवता आपण सारेच थोडेफार मुखपरीक्षक झालेले असतो. प्रश्न एवढाच, की चेहरा पाहून माणसाविषयी किती बोलण्याचा आपल्याला अधिकार आहे?

मध्यंतरी माझी पुतणी सुट्टीत घरी आली होती. तिच्या मोबाइलवर चिनी मुखपरीक्षेचा एक रंगीत तक्ता होता. चेहऱ्याचे भाग पाडून प्रत्येक भागावर एकेका अवयवाचे नाव लिहिलेले. "काका, तुमच्या नाकाचा शेंडा लाल दिसतोय, म्हणजे पचन बिघडलंय," असे तिने मला सांगून टाकले. मग घरातली सारी मंडळी एकामागून एक आरशासमोर उभी राहिली. हसणे-खिदळणे झाले. मी मात्र त्या हसण्यात फार वेळ राहू शकलो नाही. मला आमच्या मास्तरांचा चेहरा आठवला.

ती विद्या थट्टेवारी नेण्यासारखी नाही, हे आधी सांगितले पाहिजे. चीनच्या वैद्यकाचा मूळ ग्रंथ 'ह्वांगदी नेइचिंग', म्हणजे पीत सम्राटाच्या नावाने चालत आलेला वैद्यकग्रंथ, इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या शतकांत आकाराला आला असे मानतात. त्यात चेहऱ्याच्या पाच रंगांची पाच अवयवांशी सांगड घातलेली आहे: हिरवट-निळा यकृताचा, लाल हृदयाचा, पिवळा प्लीहेचा, पांढरा फुप्फुसाचा आणि काळा मूत्रपिंडाचा. हान फेइ या विचारवंताच्या नावाच्या ग्रंथात ब्येन च्युए या वैद्याची एक कथा आहे. त्याने राजाला नुसते पाहूनच सांगितले की रोग अजून त्वचेत आहे, आताच उपचार करा. राजाने ते हसण्यावारी नेले. दहा दिवसांनी वैद्य पुन्हा आला. रोग मांसात उतरला होता. आणखी दहा दिवसांनी तो आतड्यापोटात पोचला होता. चौथ्या खेपेस वैद्याने राजाला दुरून पाहिले आणि काही न बोलता पाठ फिरवली. रोग मज्जेपर्यंत गेला होता. राजा वाचला नाही.

आपल्याकडेही हे ज्ञान परके नाही. योगरत्नाकरात सांगितलेल्या अष्टविध परीक्षेत नाडी, मूत्र, मल, जिव्हा, शब्द, स्पर्श आणि दृष्टी यांच्याबरोबर आकृती, म्हणजे रोग्याचे एकंदर रूप, हीही एक परीक्षा आहे. चरकसंहितेचे 'इंद्रियस्थान' हे अख्खे प्रकरण मरणाच्या पूर्वखुणांचे असून त्यात वर्ण आणि स्वर यांतल्या बदलांचा विचार आहे. ग्रीसच्या हिप्पोक्रेटिसाच्या ग्रंथांतही आसन्नमरण माणसाचे टोकदार झालेले नाक आणि खोल गेलेले डोळे वर्णिले आहेत.

आजचा डॉक्टरही तपासणीची सुरुवात पाहण्यापासूनच करतो. काविळीत डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा होतो. अंगात रक्त कमी असेल तर खालची पापणी आतून फिकट दिसते. तोंड अचानक एका बाजूला वाकडे झाले तर तो पक्षाघात असू शकतो आणि तिथे एकेक मिनिट मोलाचे असते. भुवया झडणे आणि कानाच्या पाळ्या जाड होणे ही कुष्ठरोगाची खूण असू शकते. म्हणजे शरीर चेहऱ्यावाटे बोलते यात शंका नाही. परंतु चेहऱ्याच्या अमुक जागेवरच्या डागावरून अमुक अवयवाचा रोग ठरवावा, याला आधुनिक वैद्यकात आधार सापडलेला नाही. खुद्द त्या प्राचीन ग्रंथातही एका अध्यायात फुप्फुसाची जागा दोन भुवयांच्या मधोमध आहे, तर तापाच्या प्रकरणात ती उजव्या गालावर येते. ज्याला नकाशाच पुरेसा वाटतो, तो औषध सोडून आरशासमोर बसतो आणि उपचाराची वेळ दवडतो.

पण मला बोलायचे आहे ते याहून मोठ्या चुकीविषयी. ती चूक मी स्वतः केली आहे.

मास्तर आमच्याच आळीतले. शाळेत ते कधीच शिकवत नव्हते. देवळातल्या गायनमंडळाला त्यांनी वर्षानुवर्षे गाणी शिकवली म्हणून सारे त्यांना मास्तर म्हणत. नोकरीच्या काळात आम्ही दोघे नायगावहून एकाच लोकलने मुंबईस जात असू. गाडी मिठागरे मागे टाकून खाडीच्या पुलावर आली की मास्तरांना एखादी चाल सुचायची आणि दाराशी उभे राहून ते ती गुणगुणत. त्यांचे हसू डब्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाई.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी ते बदलले. बोलणे कमी झाले, आवाज बारीक झाला आणि चेहऱ्यावरचे हसू मावळले. त्याच सुमारास आमच्या दोन घरांमधल्या कुंपणावरून थोडी बोलाचाली झाली होती. पुढे माझ्या मुलीच्या लग्नाला ते आले, माझा हात हातात घेतला. पण चेहऱ्यावर एक रेघ हलली नाही. नजर थंड, पापणीही लवत नव्हती. जेवणासाठी न थांबता ते निघून गेले. मी मनाशी निकाल देऊन टाकला: मनात अढी धरली आहे, मुलीच्या सुखाच्या दिवशीसुद्धा यांना हसावेसे वाटले नाही. त्यानंतर दोन वर्षे मी त्यांच्या घराची पायरी चढलो नाही. मिस्सेत शांतीची खूण देण्याची वेळ आली की मी वळायचो तो दुसऱ्या बाजूला.

एके संध्याकाळी त्यांची पत्नी आमच्या दारात उभी राहिली. "एकदा येऊन जा रे," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांनी कंपवात सांगितलाय. त्यांना हसायचं असतं, पण तोंड ऐकत नाही."

कंपवाताचे रीतसर वर्णन जेम्स पार्किन्सन या इंग्रज वैद्याने १८१७ साली केले. हालचालींना वळण देणारे एक रसायन मेंदूतल्या ज्या पेशी तयार करतात, त्या या आजारात हळूहळू नष्ट होतात. हात थरथरतो, पाऊल अडखळते, अक्षर बारीक होते, आवाज खोल जातो. आणि चेहऱ्याचे स्नायू ताठर होऊन त्याचा जणू मुखवटा बनतो. आतला माणूस तसाच असतो. त्याचा आनंद आणि त्याची माया बाहेर यायची वाट तेवढी अरुंद होते.

मी गेलो. मास्तर खिडकीशी बसले होते. मला काय बोलावे सुचेना. बऱ्याच वेळाने तेच अगदी हळू आवाजात म्हणाले, "तुझ्या मुलीच्या लग्नात मी हसत होतो रे. कुणाला दिसलंच नाही." जेवायला ते थांबले नव्हते, कारण चारचौघांत हातातला घास थरथरून सांडेल याची त्यांना लाज वाटत होती.

त्या रात्री मी माझ्या चुकीचा विचार करीत राहिलो. चेहरा पाहिला ही माझी चूक नव्हती. नीट पाहिला असता तर उलट दोन वर्षे आधीच त्यांना डॉक्टरकडे नेता आले असते. मी शरीराच्या खुणेवरून थेट मनाचा निकाल लावला आणि तिथेच थांबलो. शिवाय त्या निकालात माझी सोय होती. कुंपणाच्या वादात मी बरोबर होतो, याचा पुरावाच जणू मला त्या चेहऱ्यात सापडला होता.

अशा निकालांनी जगात फार मोठे अन्याय घडवले आहेत. १८७६ साली इटलीच्या लोम्ब्रोसोने गुन्हेगार त्याच्या कवटीच्या आणि चेहऱ्याच्या ठेवणीवरून ओळखता येतो असे ग्रंथ लिहून मांडले. पुढे युरोपात वंशांची प्रतवारी कवट्या मोजून होऊ लागली. आपल्या इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला ऑयगेन फिशर या प्राध्यापकाच्या हाताखाली संशोधनास गेल्या, तेव्हा गोऱ्यांच्या कवटीची ठेवण त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीची साक्ष देते, हीच तिथली धारणा होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि असा फरक आढळत नाही, असा निष्कर्ष गुरूच्या मताविरुद्ध निर्भयपणे नोंदवला. आधी मत आणि मग माप, असे त्यांनी केले नाही. मी मात्र माझ्या मास्तरांच्या बाबतीत तेच केले होते.

येशूच्या शिष्यांचेही असेच झाले होते. जन्मांध माणूस दिसताच त्यांनी विचारले ते हेच, की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? योहानाच्या शुभवर्तमानात येशू तो प्रश्नच बाजूला सारतो. यशयाने रंगवलेला दुःखभोगी सेवकही असाच: त्याचे विरूप रूप पाहून लोक तोंड फिरवतात आणि देवानेच याला शिक्षा केली असे समजतात. ते सारे चेहराच वाचत होते.

मग चेहरा वाचूच नये काय? मला तसे वाटत नाही. चिनी वैद्यकात रोगपरीक्षेच्या चार पायऱ्या आहेत: पाहणे, ऐकणे (त्यातच गंध घेणेही आले), विचारणे आणि स्पर्श करून नाडी पाहणे. पाहणे ही पहिली पायरी आहे, एकमेव नव्हे. शुभवर्तमान उघडले तर प्रभूची रीतही याहून फार वेगळी दिसत नाही. यरीहोच्या वाटेवर बार्तीमयाची हाक तो गर्दीतून ऐकतो, त्याला जवळ बोलावतो आणि तो आंधळा आहे हे उघड दिसत असतानाही तुला काय हवे, असे विचारतो. कुष्ठरोगी समोर येतो तेव्हा तो हात पुढे करून त्याला स्पर्श करतो. पाहणे, ऐकणे, विचारणे, स्पर्श. मी पहिल्याच पायरीवरून परत फिरलो होतो.

परत फिरलेल्या माणसालाही पुन्हा वळता येते. वरोऱ्याचे मुरलीधर देवीदास आमटे यांनी रस्त्याच्या कडेला पावसात पडलेला तुळशीराम पाहिला, तेव्हा कुष्ठरोगाने झडलेला तो देह पाहून ते भयाने पळाले. पण त्या भयाचीच त्यांना लाज वाटली आणि ते माघारी आले. त्याची त्यांनी सेवा केली. पुढे १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन झाली आणि आनंदवन उभे राहिले. ज्या चेहऱ्यापासून माणूस पळाला, तोच चेहरा त्याचे आयुष्य बदलून गेला.

उपवासकाळात क्रुसाच्या वाटेवर सहाव्या स्थानापाशी आपण गुडघे टेकतो. वेरोनिकेची कथा शुभवर्तमानांत नाही. ख्रिस्ती परंपरेने ती जपली आहे. त्या दिवशी त्या चेहऱ्यावर कुणी अपराध वाचला, कुणी पराभव. तिने घाम आणि रक्त पाहिले आणि हातातले वस्त्र पुढे केले. चेहरा पाहून आपले पाऊल त्या माणसाकडे वळते की त्याच्यापासून दूर जाते, यावरूनच आपले वाचन खरे की खोटे ते ठरते, असे मला आता वाटते.

मास्तर आता औषधावर आहेत. हात थोडा स्थिर झाला आहे, चेहरा मात्र बहुतेक वेळ तसाच. रविवारी मी त्यांच्या शेजारी बसतो. शांतीची खूण देताना त्यांच्या तोंडाकडे फार वेळ पाहत नाही. त्यांचा हात हातात घेतो आणि थांबतो. थोड्या वेळाने त्यांची बोटे माझी बोटे हलकेच दाबतात.

मास्तर हसले, हे मला कळते.