आरशातला माणूस

दसऱ्याच्या मागचेपुढचे पंधरा दिवस म्हणजे आपल्याकडे प्रवासासाठी राखून ठेवलेले दिवस. पाऊस निरोप घेऊन गेलेला असतो. पण जाताना सबंध मुलूख धुऊन पुसून गेलेला असतो. चिखल वाळलेला असतो आणि धूळ अद्याप उडू लागलेली नसते. आपल्या पूर्वजांनी सीमोल्लंघनाला हाच मुहूर्त निवडला, त्यात धर्माइतकाच व्यवहारही होता. नद्यांना उतार पडल्याखेरीज घोडी पलीकडे जाणार कशी?

घोडी गेली, तलवारी गेल्या, शिलंगणाचे सोने तेवढे आपट्याच्या पानांत शिल्लक राहिले. पण सीमोल्लंघनाची हौस काही माणसाच्या रक्तातून गेली नाही. शरद ऋतूतल्या एखाद्या रविवारी सकाळी पुणे-सातारा रस्त्याच्या कडेला उभे राहा. पंधरावीस मोटारसायकलींची एक रांग धीम्या गडगडाटासह तुमच्या समोरून जाईल. आमच्याकडची म्हातारी माणसे या वाहनाला फटफटी म्हणत, आणि बुलेटला हे नाव जितके शोभते तितके दुसऱ्या कोणत्याही गाडीला शोभत नाही. १९५५ साली मद्रासेत एनफील्ड इंडिया ही कंपनी निघाली आणि ही विलायती गाडी आपली झाली. पुढे कित्येक वर्षे तिचा आवाज आला, की गावाने ओळखावे, फौजदार तरी आला असेल, नाही तर एखादा बडा बागाईतदार. आज तिच्यावर बँकेतला कारकून असतो, दातांचा डॉक्टर असतो, संगणकावर काम करणारी मुलगीही असते. क्लब काढून ही मंडळी सकाळी एकत्र निघतात, शंभरसव्वाशे किलोमीटर दूर जातात आणि दिवेलागणीला परततात.

पाहणारा म्हणतो, हा पेट्रोल जाळण्याचा उद्योग कशासाठी? त्या वादात मला पडायचे नाही. मला या रांगेकडे पाहून एक फार जुना प्रश्न आठवतो. एकत्र निघालेल्या माणसांनी कोणाच्या वेगाने चालायचे? पुढच्याच्या, की मागच्याच्या?

प्रश्न दिसायला साधा आहे. पण कुटुंब, शाळा, गाव, देश या साऱ्यांना तो रोज सोडवावा लागतो, आणि बहुधा तो चुकीचाच सुटतो. म्हणून फटफटीवाल्यांनी तो कसा सोडवला आहे, ते वाचकांना सांगावेसे वाटते.

या रांगेला एक शिस्त असते. सर्वांत पुढे जो असतो त्याला ते ‘लीड’ म्हणतात. रस्ता त्याने काढायचा, खड्डा दिसला की हाताने किंवा पायाने खूण करायची. सर्वांत मागे असतो तो ‘स्वीप’. इंग्रजीत स्वीप म्हणजे केरसुणी फिरवणे. मागे जे काही सांडेल, राहील, बिघडेल ते गोळा करीत येणारा तो माणूस. मधल्या गाड्या एकामागोमाग एक अशा सरळ नसतात. एक डावीकडे, एक उजवीकडे, अशा नागमोडी असतात. समोरच्या गाडीपासून निदान दोन सेकंदांचे अंतर ठेवायचे. ताशी ६० किलोमीटर वेग असेल, तर हे अंतर सुमारे ३३ मीटर होते. घाट लागला, की मात्र सर्वांनी एकेरी रांग धरायची.

इथपर्यंत कवायतीसारखेच आहे. खरी गंमत पुढे आहे. एखाद्याला वाटेल, जो नवशिका असेल त्याने मागून सावकाश यावे. क्लबात नेमके उलटे करतात. नवशिक्याला लीडच्या पाठोपाठ ठेवतात आणि जो सर्वांत कसलेला असेल त्याला सर्वांत मागे धाडतात. याचे कारण यंत्रविद्येइतकेच गणिताचेही आहे. वळण आले, की लीड वेग कमी करतो आणि वळण संपताच वाढवतो. पण त्या वेळी शेवटची गाडी वळणाच्या अलीकडेच असते. पडलेले अंतर तिला मागाहून भरून काढावे लागते. त्यामुळे पुढचा ६० च्या वेगाने निवांत चाललेला असला, तरी शेपटाला कधीकधी ८० गाठावे लागतात. पुढच्याला आपण संथ चाललो आहोत असे वाटत असते आणि मागचा बिचारा जिवावर उदार होऊन पळत असतो. आपल्या समाजाचे याहून नेमके वर्णन मी कोणत्याही ग्रंथात वाचलेले नाही!

दुसरा नियम आरशाचा. आपल्या मागच्या माणसाची जबाबदारी आपली. प्रत्येकाने आरशात फक्त एकच माणूस सांभाळायचा. तो दिसेनासा झाला, की आपण वेग कमी करायचा. आपण मंदावलो, की आपण पुढच्याच्या आरशातून नाहीसे होतो. मग तोही मंदावतो. असे करीत करीत, कोणी हाक न मारता, शिट्टी न फुंकता, सबंध रांग आपोआप थांबते. शिवाय जिथे फाटा फुटतो तिथे एक गाडी ठरवून उभी राहते आणि स्वीप येईपर्यंत जागची हलत नाही. कोणा एकाला साऱ्यांची काळजी वाहावी लागत नाही, आणि तरी कोणीही काळजीवाचून राहत नाही.

माझा एक जुना विद्यार्थी पुण्याच्या अशा एका क्लबात स्वीपचे काम करतो. गेल्या आश्विनात त्यांची मंडळी कासच्या पठाराला निघाली, तेव्हा हमरस्त्यालगतच्या आमच्या गावी चहाला थांबली. “गुरुजी, बसा मागे. तुम्ही आम्हांला शेवटच्या बाकावरून उठवून पुढे बसवायचा, आज तुम्ही शेवटच्या गाडीवर बसा,” असे म्हणून त्याने जास्तीचे शिरस्त्राण माझ्या हाती दिले. एकोणीस गाड्या होत्या. खंबाटकी ओलांडून, साताऱ्यात मिसळ खाऊन आम्ही यवतेश्वरचा घाट चढू लागलो.

लीडच्या पाठोपाठ एक पन्नाशीचे गृहस्थ होते. गाडी नवी घेतलेली, हात बसलेला नाही. हमरस्त्यावर ते ठीक चालले होते. घाटातल्या वळणांवर मात्र माणसाने पायी चालावे इतके सावकाश जाऊ लागले. नियमाप्रमाणे त्यांचा वेग हाच एकोणीस गाड्यांचा वेग झाला. कास हे पठार २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले. जांभ्या खडकावर मातीचा पातळसा थर, त्यावर सोनकी, तेरडा, सीतेची आसवे अशी नाजूक फुले. ती पायदळी जाऊ नयेत म्हणून हंगामात माणसे मोजून आत सोडतात आणि प्रवेशाची वेळ आधी ठरवून घ्यावी लागते. आमची वेळ हुकली. फाटकापाशी तिष्ठत बसावे लागले आणि शेवटी फुले पाहायला जेमतेम अर्धा तास मिळाला.

तिथे एक तरुण उसळून म्हणाला, “एका माणसासाठी अठरा जणांनी का खोळंबायचं?” तो काही दुष्ट नव्हता. पहाटे चारला उठून आलेला, वर्षातून असे दोनचारच रविवार मिळणारा मुलगा होता. त्याचा प्रश्न रास्त होता आणि त्याला रास्त उत्तर दिले पाहिजे.

नेहमीचे उत्तर असे, की “बाबा रे, आज त्याच्यासाठी तू थांब, उद्या तुझ्यासाठी तो थांबेल.” मी कादंबऱ्या लिहितो. कादंबरीत मी परतीच्या वाटेवर त्याच तरुणाच्या गाडीची साखळी तोडली असती आणि त्या गृहस्थांकडून ती बसवून घेतली असती. वाचकांनाही ते आवडले असते. पण प्रत्यक्षात साखळी शाबूत राहिली आणि तो सुखरूप घरी गेला. बरेच झाले. उद्या आपली पाळी येईल म्हणून आज थांबणे हा विम्याचा हप्ता आहे, तो धर्म नव्हे. ज्याची पाळी कधीच येणार नाही त्याने काय करावे, हा खरा प्रश्न.

दुसरे उत्तर दयेचे. दुबळ्यावर दया करावी, मोठ्या मनाने थांबावे. हे उत्तर मला त्याहूनही धोक्याचे वाटते. फाटकाशी अठरा माणसे उपकार म्हणून थांबली आहेत आणि घड्याळाकडे पाहत आहेत, असे त्या गृहस्थांना दिसले असते, तर पुढच्या वळणावर त्यांनी काय केले असते? लाज झाकण्यासाठी त्यांनी आपल्या कुवतीबाहेर वेग वाढवला असता. घाटात माणूस दरीकडे जातो तो पुष्कळदा असाच. त्याला मरणाची भीती वाटत नाही असे नाही. त्याला आपण मागे राहिलो याची लाज अधिक वाटते. दया करणाऱ्याच्या तोंडावर दया दिसते, आणि ती दिसताच घेणाऱ्याची मान खाली जाते. नियमाला तोंड नसते. म्हणून थांबणे हा नियम असावा, उपकार असू नये. ज्याच्यासाठी थांबलो त्याला आभार मानण्याची पाळी येऊ नये, इतके ते थांबणे साधे असावे.

तरुणाच्या स्वातंत्र्याचे काय? ते अबाधित आहे. सोमवारी तो एकटा निघू दे आणि वाऱ्याशी शर्यत लावू दे. पण रविवारी सकाळी कात्रजला उभे राहून त्याने ‘आपण’ हा शब्द उच्चारला होता. एकोणीस गाड्यांचा तो थाट, लहान मुलांनी वाटेत हलवलेले हात, मालमोटारींनी दिलेली वाट, हे सारे त्या ‘आपण’ने त्याला मिळवून दिले. शब्दाचा मान घ्यायचा आणि शब्दाचा भार टाकून द्यायचा, हे न्यायाला धरून नाही.

या संदर्भात मला नेहमी महाप्रस्थान आठवते. पाच पांडव, द्रौपदी आणि एक कुत्रा हिमालयाच्या वाटेने निघतात. आधी द्रौपदी पडते, मग सहदेव, नकुल, अर्जुन आणि शेवटी भीम. प्रत्येक वेळी भीम कारण विचारतो आणि धर्मराज पडलेल्याचा दोष सांगतो. पण मागे वळून पाहत नाही. वर्गात ही कथा सांगताना या ठिकाणी मुले गप्प होतात. कारणे खोटी नसतील. परंतु जो पडला त्याचा दोष सांगून पुढे जाणे ही रीत मुलांना पटत नाही, आणि मला वाटते, व्यासांनाही ती पटली नसावी. नाही तर त्यांनी कथा तिथेच संपवली असती. ती संपत नाही. कुत्र्याला सोडून धर्म इंद्राच्या रथात चढत नाही. आणि त्याही पुढे, स्वर्गात गेल्यावर भावांचा शोध घेत तो अंधाऱ्या, दुर्गंधीच्या वाटेने जातो, असह्य होऊन परत फिरतो, आणि पाठीमागून आवाज येतात : जरा थांब, तू आहेस तोवर आमची तगमग कमी होते. ते आवाज आपल्याच माणसांचे आहेत असे कळल्यावर तो देवदूताला सांगतो, मी इथेच राहतो. हिमालयात जे वळून पाहिले नव्हते ते तिथे पाहिले. स्वर्ग त्यानंतर मिळाला.

गेली वीस वर्षे मी वर्गापुढे उभा आहे. हुशार मुलांच्या वेगाने धडा संपवला, की तपासणीला आलेले साहेब खूश होतात. पण शेवटच्या बाकावरचा मुलगा “समजलं का?” या प्रश्नाला मान हलवतो, तेव्हा ती मान समजल्याची असते की लाजेची असते, हे पाहण्यासाठी शिक्षकाला आरसा लागतो. न समजल्याची लाज वाटणार नाही असा वर्ग ज्याला उभा करता आला, त्याने शाळेतला निम्मा अभ्यासक्रम पुरा केला असे मी समजतो.

कासहून उतरताना मी त्या विद्यार्थ्याला विचारले, “तुझ्या मागे कोणीच नाही. तुझ्याकडे कोण पाहतं?” तो म्हणाला, “माझ्या पुढचा पाहतो, गुरुजी. आणि दर फेरीला स्वीप बदलतो. एकाच माणसानं कायम मागे राहायचं नाही, असं ठरलंय आमचं.”

हा अंक आपल्या हाती येईल तेव्हा घराघरांत फराळाची ताटे मांडली जात असतील. पहाटे सर्वांच्या आधी उठून पाणी तापवणारी, सर्वांना उटणे लावून झाल्यावर स्वतः घाईघाईने न्हाणारी, चिवड्यातले शेंगदाणे आणि चकलीचे तुकडे ज्यांच्या ताटात उरतात अशी एक व्यक्ती प्रत्येक घरात असते. रांगेत ती कायमची शेवटची. मागे सांडलेले, राहिलेले गोळा करीत ती येते आणि आपण पुढे सुखाने चाललेलो असतो. तिच्यावर दया करू नका. ती तिला आवडणार नाही. तिचे कौतुक करणारे भाषणही नको. पहिला अनारसा तोंडात टाकण्याआधी सर्वांची ताटे मांडली गेली आहेत का, एवढे पाहा. नसतील, तर हात आवरून बसा. आणि पुढच्या वर्षी पाणी कोणी तापवायचे, ते भाऊबीजेच्या आत ठरवून टाका.