संन्याशाची पोरं

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



ज्ञानेश्वर माउलींचं बालपण आपण सगळ्यांनी ऐकलंय. वडील विठ्ठलपंत संन्यास सोडून, गुरूंच्या आज्ञेने संसारात परतले. योग्य-अयोग्य जे काही होतं ते मोठ्यांचं. पण 'संन्याशाची पोरं' म्हणून हिणवली गेली ती निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि चिमुकली मुक्ता. आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं, तरी मुलांना शुद्धिपत्रासाठी पैठणला जावंच लागलं. ही कथा ऐकताना आपल्या डोळ्यांत पाणी येतं, तेव्हाच्या लोकांचा राग येतो.

मग गेल्या महिन्यात आपण काय केलं?

आपल्या बालसंस्कार वर्गात एक आठ वर्षांची मुलगी येते. तिच्या घरी दोन आया आहेत. एकीला ती आई म्हणते, दुसरीला माई. नाव नोंदवताना आम्ही सगळ्यांसमोर विचारलं, "बाबांचं नाव?" ती म्हणाली, "बाबा नाहीत, माई आहे." मुलं हसली. दोन-तीन मोठी माणसंही हसली. आम्ही गप्प बसलो. पुढचे दोन गुरुवार ती आलीच नाही. वर ग्रुपवर मेसेज आला, "असल्या घरातली मुलं आपल्यात कशाला?" आणि त्याला कितीतरी अंगठे!

आम्ही घरी जाऊन माफी मागितली. माई म्हणाल्या, "ताई, आम्हाला बोललेलं आम्ही सोसतो. पण ती रात्री विचारते, माझं काय चुकलं?"

समलिंगी संबंध हा गुन्हा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सांगितलं. मात्र 2023 मध्ये अशा लग्नाला मान्यता मिळाली नाही. म्हणजे कागदावर माईंना जागा नाही. निदान आपल्या सत्संगात तरी असावी ना?

सेवा म्हणून आपण एवढं करू या:

- फॉर्मवर 'वडिलांचे नाव' ऐवजी 'पालकांची नावे' लिहू.
- आपल्या मुलांना आधीच सांगू, की घरं वेगवेगळी असतात, माया एकच असते.
- कुणी चिडवलं तर तिथल्या तिथे थांबवू. "लक्ष देऊ नकोस" म्हणून तिलाच गप्प करणार नाही.
- ती बोलली तर ऐकून घेऊ. खोदून प्रश्न विचारणार नाही. "मला सांगायचं नाही" म्हणायचाही तिला हक्क आहे.
- असल्या घरांवरचे विनोद पुढे पाठवणार नाही. ते मुलंही वाचतात.

पटत नसेल कुणाला, तर ते मोठ्यांशी बोलावं. लेकराला शिक्षा नको.

लोकांच्या बोलण्याने दुखावून ज्ञानदेव ताटी लावून बसले, तेव्हा मुक्ताईने बाहेरून विनवून ती उघडायला लावली. आज एका लेकराने दार लावून घेतलंय. येत्या गुरुवारी ती येणार आहे. बाहेर मुक्ताई होऊन आपल्यालाच उभं राहायचंय.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥