पहिल्या पगाराचा रकाना

सिंगापूरच्या विद्यापीठांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या पदवीधरांना दरवर्षी विचारलं जातं: नोकरी लागली का, आणि महिन्याला किती मिळतात? शेवटच्या परीक्षेनंतर साधारण सहा महिन्यांनी ही पाहणी होते आणि तिचे आकडे सगळ्यांना बघायला मिळतात. २०२४ च्या पाहणीत पूर्णवेळ कायम नोकरी लागलेल्यांचा मध्यक पगार ४,५०० डॉलर होता. मानवशास्त्राचा आकडा शोधायला गेलात, तर तो बहुधा समाजविज्ञानांच्या मोठ्या गटात मिसळलेला असतो.

आमच्या बुकित बातोकमधल्या मराठी घरांत हे आकडे बऱ्याच जणांना पाठ असतात. मुलगी म्हणाली, "मला अँथ्रोपॉलॉजी घ्यायचंय," की पहिला प्रश्न येतो, "पुढे काय करणार?" आणि मग जरा खालच्या आवाजात, "मिळतात किती?" मी याच विषयात डॉक्टरेट केलेली, आता मुदतीच्या करारावर संशोधन करते, म्हणून एखादी आई म्हणते, "तुम्हीच सांगा तिला." अशा वेळी ज्ञानाचं मोल पैशात करू नये, असं बोलून मोकळं होता येतं. पण मला तो प्रश्न क्षुद्र वाटत नाही. पोटापाण्याचा प्रश्न नैतिक प्रश्नाच्या बाहेरचा नसतो.

पुण्या-नाशिकहून इथे शिकायला आलेल्या मुलाचं उदाहरण घ्या. सरकारी अनुदानामुळे त्याची फी कमी झाली असेल, तर पदवीनंतर तीन वर्षं सिंगापूरमधल्या संस्थेत काम करण्याचं बंधन येतं. पण एम्प्लॉयमेंट पाससाठी जानेवारी २०२५ पासून नव्या अर्जांना किमान पगार ५,६०० डॉलर लागतो. त्याखालचा एस पास आहे, मात्र कंपनीला त्याचा कोटा ठरलेला असतो. म्हणजे या मुलासाठी पहिला पगार हा इथे राहायला मिळणार की नाही, याचाही आकडा आहे. त्याला "पैशाचा विचार करू नकोस" असं सांगणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं.

तरीही पगारावरून विषयाची किंमत ठरवणं मला पटत नाही. कोणीतरी आज त्या कामासाठी किती मोजायला तयार आहे, एवढंच पगार सांगतो. कोयना धरणाचं बघा. कोयनेची वीज मेगावॅटमध्ये मोजली गेली. प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट असल्याचं कोणीही सांगेल. पण पाण्याखाली गेलेल्या गावांतली माणसं कुठे गेली, त्यांच्या जमिनीचं आणि नात्यागोत्याचं काय झालं, हे मोजायला इरावती कर्वे आणि जाई निंबकर गेल्या. त्यांची पाहणी १९६९ मध्ये डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केली. या कामाची सगळ्यात जास्त गरज कोणाला होती? विस्थापितांना. ते विकत घेण्याची ऐपत कोणाची नव्हती? त्यांचीच. मानवशास्त्राला बाजारात भाव कमी मिळतो, याचं एक मोठं कारण हेच आहे. ज्यांच्या उपयोगाचं ते आहे, त्यांच्या खिशात पैसे नसतात.

पण म्हणून तो तोटा बावीस वर्षांच्या मुलीने सोसावा, असं ठरत नाही. इरावतीबाई १९३९ पासून डेक्कन कॉलेजात होत्या. त्यांच्या बुद्धीला आणि कष्टाला एका संस्थेचा आधार होता. समाजाला असं काम हवं असेल, तर त्याने त्या कामासाठी जागा आणि पगार ठेवायला हवेत. ते न करता तरुणांकडून निव्वळ ध्येयवादाची अपेक्षा करणं म्हणजे दुसऱ्याच्या खिशातून दानधर्म करणं.

२०११ मध्ये फ्लोरिडाचे गव्हर्नर रिक स्कॉट यांनी राज्याला आणखी मानवशास्त्रज्ञांची गरज नाही, असं जाहीरपणे म्हटलं. त्यांच्या मुलीनेच या विषयात पदवी घेतली होती, हे लगेच बाहेर आलं आणि लोक हसले. मला त्यात हसण्यापेक्षा महत्त्वाचं काही दिसतं: सुखवस्तू घरातल्या मुलीला पगाराचा रकाना न बघता विषय निवडता येतो. इतरांना येत नाही.

म्हणून विचारणाऱ्या आईला मी आकडे लपवत नाही. पहिली काही वर्षं तंगीची जाऊ शकतात, त्या काळात घराला भार पेलेल का, शिक्षणाचं कर्ज किती, सोबत संख्याशास्त्रासारखं काही शिकता येईल का, हे मुलीसोबत बसून बघा म्हणते. घराला झेपत असेल, तर केवळ रकाना छोटा आहे म्हणून तिला अडवू नका, हेही सांगते.

झेपत नसेल, तर तिने दुसरा विषय घेण्यात काही कमीपणा नाही. फक्त तेव्हा काय हरवतं, हे आपल्याला कळायला हवं. परवडतं त्यांनीच हा विषय शिकायचा, असं झालं तर धरणग्रस्तांवर प्रबंध लिहिले जातील, पण धरणग्रस्ताची नात ते लिहिणाऱ्यांत नसेल. तिने विचारले असते ते प्रश्न मग कोणीच विचारणार नाही, आणि हा तोटा कुठल्याच पाहणीत दिसणार नाही.